श्रेणीचे उलटे गणित

मिळालेल्या गुणांची बेरीज करून श्रेणी ठरवणे हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे काम असते आणि त्याचे नियम परिपत्रकांत छापलेले असतात; परंतु शेवटचा पेपर देण्यापूर्वी विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न याच्या नेमका उलट असतो. अमुक एक श्रेणी हवी आहे, काही गुण आधीच पदरात पडले आहेत, तर उरलेल्या पेपरात किमान किती गुण मिळाले म्हणजे ती श्रेणी हाती येईल, असा तो प्रश्न आहे. हे गणित सातवी-आठवीच्या बीजगणितापलीकडचे नाही, तरीही ते पुष्कळदा चुकते. आणि ते चुकते वजाबाकीत किंवा भागाकारात नव्हे, तर कोणत्या गुणांना किती वजन आहे, कोणती अट एकूण बेरजेला लागू आहे आणि कोणती एकेका भागाला, हे आधी न पाहिल्यामुळे. ‘पासिंगपुरते किती लागतात’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला कामचुकार समजण्याची रीत आहे, पण ती अन्यायाची आहे. सहा विषयांमध्ये मोजके दिवस वाटून द्यायचे असताना कोणता विषय निर्धास्त आहे, कोणता काठावर आहे आणि कोणत्या विषयातली अपेक्षित श्रेणी आता मिळूच शकत नाही, हे ठाऊक असणे हाच अभ्यासाच्या नियोजनाचा पाया आहे, आणि तो पाया या उलट्या गणितानेच घातला जातो.

महाराष्ट्रातील बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत एका विषयाचे गुण दोन भागांत विभागलेले असतात. सत्र चालू असताना महाविद्यालयातच होणाऱ्या चाचण्या, प्रकल्प, सादरीकरण, सबमिशन यांचे मिळून अंतर्गत मूल्यमापन होते, ज्याला विद्यार्थी ‘इंटर्नल’ म्हणतात, आणि सत्राच्या शेवटी होणारा लेखी पेपर ही सत्रांत परीक्षा असते. या दोन भागांचे प्रमाण कुठे २५ आणि ७५, कुठे ३० आणि ७०, कुठे ४० आणि ६० असे असते. दोन्ही भागांची बेरीज थेट शंभर होत असेल तर हिशेब सोपा आहे. समजा, २५ पैकी १७ गुण मिळालेले आहेत आणि एकूण ६० हवे आहेत. ६० मधून १७ वजा केले की ४३ उरतात, म्हणजे ७५ गुणांच्या पेपरात ४३ मिळवले पाहिजेत, आणि हे प्रमाण शेकडा ५७.३३ इतके पडते. तोच विद्यार्थी एकूण ७० ची अपेक्षा धरत असेल तर ५३ लागतील, ८० ची धरत असेल तर ६३, म्हणजे पेपरातील शेकडा ८४ गुण. आणि पेपर पैकीच्या पैकी सुटला तरी एकूण बेरीज ९२ च्या वर जाणार नाही, कारण अंतर्गत मूल्यमापनात गेलेले आठ गुण आता कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

मात्र इथेच पहिली अडचण उभी राहते. अनेक विद्यापीठांत उत्तीर्ण होण्याची अट एकूण बेरजेपुरती नसते. अंतर्गत आणि लेखी हे दोन स्वतंत्र ‘पासिंग हेड’ मानले जातात आणि प्रत्येकात शेकडा ४० गुण असावे लागतात. अशा ठिकाणी २५ पैकी २२ गुण मिळवलेला विद्यार्थी ४० मधून २२ वजा करून ‘आता ७५ पैकी १८ पुरेत’ असे समजून बसला तर त्याला केटी लागेल, कारण लेखी पेपराची स्वतःची किमान रेषा ३० वर आहे. म्हणून जिथे दोन अटी असतात तिथे दोन उत्तरे काढावी लागतात, एक बेरजेच्या अटीवरून आणि एक भागाच्या अटीवरून, आणि त्यांतले जे मोठे तेच खरे उत्तर असते. उच्च श्रेणीचे ध्येय ठेवणाऱ्याला ही दुसरी अट सहसा जाणवत नाही, कारण बेरजेची अटच आधी वरचढ ठरते. काठावरच्या विद्यार्थ्याला मात्र तीच निर्णायक असते, आणि नेमका हाच विद्यार्थी नियमांचे परिपत्रक वाचण्याच्या फंदात सर्वांत कमी पडतो. अंतर्गत भागात २५ पैकी १० च्या खाली गेलेल्याची स्थिती याहून अवघड असते, कारण लेखी पेपरात कितीही गुण मिळवले तरी ती उणीव भरून निघत नाही आणि तो भाग स्वतंत्रपणे पुन्हा द्यावा लागतो.

मूल्यमापनाचे भाग दोनाऐवजी चार-पाच झाले, आणि प्रत्येकाचे मूळ गुण वेगवेगळे असून ते ठरावीक प्रमाणात बेरजेत धरले जात असले, की साधी वजाबाकी पुरत नाही. एखाद्या स्वायत्त महाविद्यालयात छोट्या चाचण्यांना १० टक्के, स्वाध्यायांना २०, मध्यसत्र परीक्षेला ३० आणि अंतिम परीक्षेला ४० टक्के भार आहे असे धरले, तर प्रत्येक भागात मिळालेल्या शेकडा गुणांना त्या त्या भाराने गुणून त्यांची बेरीज करायची असते; अशा बेरजेला भारित सरासरी म्हणतात. एका विद्यार्थिनीला चाचण्यांत शेकडा ८०, स्वाध्यायांत ९० आणि मध्यसत्र परीक्षेत ६२ मिळाले आहेत. या तीन आकड्यांची साधी सरासरी ७७.३३ येते, आणि ‘सत्त्याहत्तर तर झालेच आहेत, ऐंशीला थोडेसेच कमी आहेत’ असा समज होणे स्वाभाविक असले तरी तो खोटा आहे. ८० चे १० टक्के म्हणजे ८, ९० चे २० टक्के म्हणजे १८, आणि ६२ चे ३० टक्के म्हणजे १८.६, एकूण ४४.६. आतापर्यंत मोजल्या गेलेल्या ६० पैकी ४४.६ म्हणजे शेकडा ७४.३३ होतात. साध्या सरासरीत ९० हा आकडा ६२ च्या बरोबरीने बसला होता, परंतु प्रत्यक्षात मध्यसत्र परीक्षेचे वजन स्वाध्यायांच्या दीडपट असल्याने तिथली घसरण अधिक खोल उमटली. आता एकूण ८० हवे असतील तर ८० मधून ४४.६ वजा करून उरलेल्या ३५.४ ला ४० ने भागायचे, म्हणजे उत्तर येते शेकडा ८८.५. अंतिम परीक्षेत लागणारे गुण काढण्याचा सर्वसाधारण नियम एवढाच आहे: हव्या असलेल्या एकूण गुणांतून आजवर भारासहित जमा झालेले गुण वजा करावेत आणि बाकीला अंतिम परीक्षेच्या भाराने भागावे.

हा नियम संगणकयुगाचा किंवा श्रेयांक पद्धतीचा नाही. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा एक भाग असलेल्या ‘लीलावती’त सोन्याच्या मिश्रणाचे एक प्रकरण आहे, आणि त्यात हाच नियम शब्दशः याच क्रमाने सांगितलेला आहे. सोन्याचा कस त्या काळी ‘वर्ण’ या मापाने सांगत. सोळा वर्णांचे सोने म्हणजे पूर्ण शुद्ध. वेगवेगळ्या कसाचे तुकडे एकत्र आटवले तर होणाऱ्या लगडीचा कस काढताना प्रत्येक तुकड्याचे वजन त्याच्या वर्णाने गुणून, गुणाकारांची बेरीज करून, तिला एकूण वजनाने भागायचे, ही झाली भारित सरासरी. त्याच्या पुढचे सूत्र उलट दिशेचे आहे: लगडीचा कस ठाऊक आहे, एक सोडून बाकीच्या तुकड्यांचे वजन आणि वर्ण ठाऊक आहेत, उरलेल्या तुकड्याचे केवळ वजन ठाऊक आहे, तर त्याचा वर्ण कोणता? तिथले उदाहरण असे की दहा वर्णांचे आठ मासे सोने, अकरा वर्णांचे दोन मासे आणि अज्ञात वर्णाचे सहा मासे एकत्र आटवल्यावर बारा वर्णांचे सोने झाले. एकूण वजन सोळा मासे. सोळा गुणिले बारा म्हणजे १९२. ज्ञात तुकड्यांचे गुणाकार ८० आणि २२, मिळून १०२. १९२ मधून १०२ गेले की ९० उरतात, आणि त्यांना सहाने भागले की १५. अज्ञात तुकडा पंधरा वर्णांचा.

वजनाच्या जागी परीक्षेचा भार ठेवला, वर्णाच्या जागी मिळालेले शेकडा गुण ठेवले आणि लगडीच्या कसाच्या जागी हवी असलेली एकूण टक्केवारी ठेवली, की अज्ञात तुकडा म्हणजेच अजून न झालेली अंतिम परीक्षा होते. दोन्ही गणिते दिसायला सारखी आहेत एवढेच नव्हे, तर ती एकच आहेत. या ग्रंथांच्या अध्ययनासाठी भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणे येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे, आणि तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. खानदेशातल्या या गावाशी जोडलेली गणिताची परंपरा आज शाळेत बहुधा नुसत्या गौरवापुरती उच्चारली जाते. तिचा खरा मान राखायचा तर दहावीच्या विद्यार्थ्यापुढे सोन्याचे हे उदाहरण ठेवून त्याच्या खाली त्याचीच गुणपत्रिका मांडून दाखवणे अधिक चांगले.

सोन्याच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. त्याच तुकड्यांपासून बारा वर्णांऐवजी तेरा वर्णांची लगड मागितली असती, तर २०८ मधून १०२ वजा जाऊन १०६ उरले असते आणि सहाने भागल्यावर साडेसतरापेक्षा अधिक वर्णांचे उत्तर आले असते. परंतु सोळा वर्णांच्या पलीकडे सोने नसते, म्हणून ती मागणी पुरी होणेच अशक्य ठरते. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीने एकूण ८५ चे ध्येय ठेवले तर ४०.४ ला ४० ने भागून उत्तर १०१ येते, आणि शंभरापेक्षा मोठे उत्तर याचा अर्थ ती श्रेणी आधीच हातची गेली आहे. तिची कमाल मर्यादा ८४.६ आहे, कारण जमा झालेल्या ४४.६ मध्ये अंतिम परीक्षेचे पुरते ४० मिळवले तरी त्यापुढे काही नाही. ही गोष्ट कळणे निराशाजनक वाटले तरी उपयोगाची असते. न मिळणाऱ्या श्रेणीमागे लावलेले चार दिवस दुसऱ्या विषयाला देता येतात. उलट उत्तर शून्य किंवा त्याहून कमी आले तर बेरजेपुरते ध्येय आधीच पुरे झाले आहे असे समजावे, मात्र परीक्षेला बसण्याची आणि त्या भागात किमान गुण मिळवण्याची अट तरीही उरतेच.

ध्येय किंचित उंचावले की लागणारे गुण किंचितच वाढतील, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. त्याच विद्यार्थिनीला ७० साठी अंतिम परीक्षेत शेकडा ६३.५ लागतात, ७५ साठी ७६, ८० साठी ८८.५ आणि ८५ साठी १०१. एकूण पाच गुण वाढवायचे तर अंतिम परीक्षेत प्रत्येक वेळी साडेबारा वाढवावे लागतात, कारण त्या परीक्षेचा भार ४० टक्केच आहे आणि तिथल्या एका गुणाचा एकूण बेरजेत ०.४ एवढाच हिस्सा पडतो. अंतिम परीक्षेचा भार जितका कमी, तितका शेवटच्या क्षणी निकाल फिरवणे अवघड. भार जितका अधिक, तितकी सत्रभराची मेहनत एका तीन तासांच्या पेपरावर टांगलेली. सतत मूल्यमापनाच्या बाजूने आणि विरुद्ध जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी हाच आकडा आहे. सत्रभर थोडेथोडे काम करणाऱ्याला अंतर्गत भार वाढलेला मानवतो, आणि घरच्या अडचणीमुळे किंवा नोकरीमुळे वर्गात नियमित येऊ न शकणाऱ्याला तोच जाचक होतो. यांपैकी एकच बाजू न्याय्य आहे असे म्हणता येणार नाही, परंतु भार ठरवणाऱ्यांनी दोन्ही विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत.

उत्तर अपूर्णांकात आले की ते नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यायचे असते. अंतिम परीक्षेचा पेपर ६० गुणांचा असून तो ४० वर आणला जात असेल, तर शेकडा ८८.५ म्हणजे ६० पैकी ५३.१ होतात, जवळचा पूर्णांक ५३ असला तरी ५३ मिळाले तर एकूण ७९.९३ भरते आणि ८० ची रेषा ओलांडली जात नाही. म्हणून लक्ष्य ५४ चे धरावे, आणि पेपरात अर्धा गुण देण्याची पद्धत असेल तर साडेत्रेपन्नचे. एकूण गुण पूर्णांकात बदलून मग श्रेणी दिली जाते की दशांशासह श्रेणी ठरते, हे विद्यापीठाच्या नियमावलीत लिहिलेले असते आणि त्यावर ७९.९३ चे भवितव्य अवलंबून असते. ग्रेस गुण या हिशेबात धरू नयेत. ते कोणाला, किती आणि कोणत्या परिस्थितीत द्यायचे याचे नियम अतिशय नेमके असतात, आणि ते मिळाले तर मिळाले असेच समजणे हिताचे.

इथवरचा विचार एका विषयापुरता झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४-१५ मध्ये पसंतीवर आधारित श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वे दिली, तेव्हापासून देशातील विद्यापीठांत दहा गुणांची श्रेणी रूढ होत गेली. श्रेयांक म्हणजे विषयाचे वजन. सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक असले की त्याचा एक श्रेयांक धरला जातो. प्रत्येक श्रेणीला एक श्रेणीगुण असतो: ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६ आणि ‘सी’ला ५, याप्रमाणे. प्रत्येक विषयाचे श्रेयांक आणि श्रेणीगुण यांचा गुणाकार करून, त्यांच्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले की सत्राची सरासरी म्हणजे एसजीपीए मिळतो, आणि सर्व सत्रांची अशीच भारित सरासरी म्हणजे सीजीपीए. मुंबईतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी याला ‘पॉइंटर’ म्हणतात. गुणपत्रिका नीट पाहिली तर श्रेयांकांचा रकाना, श्रेणीगुणांचा रकाना आणि त्यांच्या गुणाकाराचा रकाना शेजारी शेजारी छापलेले असतात, आणि तळाशी दोन बेरजा असतात. सोन्याच्या गणितातील मासे, वर्ण आणि त्यांचे गुणाकार ते हेच.

या दुसऱ्या पातळीवर उलटे गणित दोनदा करावे लागते. समजा, एका सत्रात २० श्रेयांक आहेत आणि ७.७५ चा पॉइंटर हवा आहे. म्हणजे गुणाकारांची बेरीज १५५ झाली पाहिजे. चार श्रेयांकांचा गणिताचा पेपर उरला आहे. बाकीच्या विषयांपैकी चार श्रेयांकांच्या दोहोंत ८ आणि ७, तीन श्रेयांकांच्या दोहोंत ८ आणि ९, व दोन श्रेयांकांच्या प्रयोगशाळेत ९ श्रेणीगुण मिळतील असा अंदाज आहे. त्यांचे गुणाकार ३२, २८, २४, २७ आणि १८, मिळून १२९. उरले २६, चारने भागल्यावर ६.५. परंतु साडेसहा हा श्रेणीगुण अस्तित्वातच नाही, म्हणून ७ लागतात, म्हणजे ‘बी प्लस’. पहिले उलटे गणित इथे संपते आणि दुसरे सुरू होते: ‘बी प्लस’ किती गुणांना मिळते? आयोगाने श्रेणी सुचवल्या, परंतु गुणांच्या सीमा ठरवण्याचे स्वातंत्र्य विद्यापीठांना दिले, त्यामुळे त्या सर्वत्र सारख्या नाहीत. ८० पासून ‘ओ’, ७० पासून ‘ए प्लस’, ६० पासून ‘ए’, ५५ पासून ‘बी प्लस’ आणि ५० पासून ‘बी’ असे कोष्टक धरले, तर गणितात एकूण ५५ लागतील, आणि अंतर्गत मूल्यमापनात १७ असतील तर लेखी पेपरात ७५ पैकी ३८.

श्रेणी ही उतरण नसून जिना आहे, हे या उदाहरणात उघड होते. गणितात ५५ मिळाले काय किंवा ५९ मिळाले काय, पॉइंटर ७.८५ च राहतो. ५४ मिळाले तर मात्र तो एकदम ७.६५ वर येतो आणि ध्येय हुकते. एका गुणाने दोन दशांशांचा फरक पडतो, आणि पुढच्या चार गुणांनी काहीच नाही. शिवाय या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. वर घेतलेल्या कोष्टकात ५० ते ६० या दहा गुणांत दोन पायऱ्या चढता येतात, ६० ते ७० या दहा गुणांत एकच. म्हणून ज्या विषयात ५८ च्या आसपास पोहोचण्याचा अंदाज आहे आणि ज्याचे श्रेयांक चार आहेत, तिथे दोन गुण अधिक मिळवणे हे दोन श्रेयांकांच्या विषयात ७२ वरून ८० गाठण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि मिळकतही दुप्पट होते: पहिल्या ठिकाणी गुणाकारांच्या बेरजेत चारची भर पडते, दुसऱ्या ठिकाणी दोनची. आवडत्या विषयाचाच अभ्यास करत राहण्याची विद्यार्थ्यांची सवय सर्वांना ठाऊक आहे. ती सवय कोणत्या विषयात किती महाग पडते, हे या हिशेबातून दिसते. त्याचबरोबर अंदाज अगदी काठावर ठेवू नये. वरच्या उदाहरणात प्रयोगशाळा आणि तीन श्रेयांकांचा एक विषय अशा दोन ठिकाणी ९ ऐवजी ८ मिळाले, तर १२९ चे १२४ होतात आणि गणितात ‘बी प्लस’ पुरत नाही, ‘ए’ लागते, म्हणजे ५५ ऐवजी ६०.

सीजीपीएच्या बाबतीत वेळेला फार मोल असते. चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या आणि १६० श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात पाच सत्रांनंतर सीजीपीए ७.४ आहे आणि शेवटी ७.७५ हवा आहे, असे धरले तर हवी असलेली बेरीज १२४०, जमा झालेली ७४०, उरलेली ५०० आणि शिल्लक श्रेयांक ६०; म्हणजे उरलेल्या तीन सत्रांत सरासरी ८.३३ लागते, जी कष्टाची असली तरी आवाक्यातली आहे. सहाव्या सत्रानंतरही ७.४ च राहिला तर उरलेल्या दोन सत्रांत ८.८ लागते. सातव्या सत्रानंतरही तोच आकडा असेल तर शेवटच्या सत्रात १०.२ लागते, आणि दहाच्या वर काही नसल्याने वाट तिथेच बंद होते. ‘शेवटच्या सत्रात उचल घेऊ’ हा विचार अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि आठपैकी सात सत्रांचे वजन एका सत्राने हलत नाही हे तो करणाऱ्यांना कोणी आकड्यांत मांडून दाखवत नाही.

श्रेणीगुणांचे टक्क्यांत रूपांतर करताना दुसऱ्या संस्थेचे सूत्र वापरणे ही नेहमीची चूक आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या समतुल्यता कोष्टकात ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के धरले जातात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या सीजीपीएसाठी ९.५ ने गुणण्याची पद्धत ठेवली होती, आणि तीच ६.७५ ला लावली तर ६४.१३ टक्के होतात. नोकरीच्या अर्जात ६० टक्क्यांची अट असेल तर कोणते सूत्र लागू आहे, हे स्वतःच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला किंवा परिपत्रकात पाहावे.

काही परीक्षा अशा असतात की तिथे हे गणित लागूच पडत नाही. भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये अध्यापक बहुधा वर्गाच्या गुणांची एकंदर मांडणी पाहून श्रेणींच्या सीमा आखतात, म्हणजे ‘डबल ए’ला किती गुण लागतील हे पेपर तपासून होईपर्यंत ठरलेलेच नसते. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत विषयवार उत्तीर्ण विद्यार्थ्यांचे गुणानुक्रमे आठ भाग पाडून वरच्या अष्टमांशाला ‘ए-१’ श्रेणी दिली जाते. या सापेक्ष पद्धतीत स्वतःचे एकूण गुण काढता येतात, परंतु त्यांना कोणती श्रेणी मिळेल हे इतरांच्या कामगिरीवर ठरते. मागील वर्षांच्या सीमांवरून अंदाज बांधता येतो, हमी देता येत नाही. राज्याच्या सीईटीचा पर्सेंटाइलही असाच आहे. तो मिळवलेल्या गुणांचा शेकडा हिस्सा नसून किती टक्के परीक्षार्थी त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत हे सांगतो, म्हणून ‘९५ पर्सेंटाइलसाठी किती प्रश्न बरोबर यावे लागतील’ याचे पक्के उत्तर परीक्षेपूर्वी कोणीही देऊ शकत नाही, मग खासगी क्लासच्या जाहिरातीत काहीही छापलेले असो.

तीन चाचण्यांपैकी उत्तम दोन धरण्याची पद्धत असेल तर गणित अशक्य होत नाही, केवळ थोडे लांबते. तिसरी चाचणी आधीच्या दोहोंतील कमी गुणांपेक्षा अधिक गेली तरच तिचा उपयोग होतो, म्हणून हिशेब आधी ती न धरता आणि मग ती धरून असा दोनदा करावा. अंतर्गत गुण ठाऊकच नसतील तर मात्र पंचाईत होते. अशा वेळी कमीत कमी आणि अधिकात अधिक अशा दोन टोकांनी हिशेब करावा. अंतर्गत गुण १४ ते १८ च्या दरम्यान असतील असे वाटत असेल, तर एकूण ६० साठी लेखी पेपरात ४२ ते ४६ लागतील, आणि शहाण्याने ४६ चीच तयारी करावी.

पण अंतर्गत गुणांचा असा अंदाज बांधावा लागणे ही विद्यार्थ्याची उणीव नाही, व्यवस्थेची आहे. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच तासाला जे अभ्यासक्रमपत्र हाती मिळते, त्यात प्रत्येक स्वाध्यायाचा, मध्यसत्र परीक्षेचा आणि अंतिम परीक्षेचा भार, तसेच श्रेणींच्या सीमा लिहिलेल्या असण्याचा प्रघात आहे. त्यामुळे तिथे हा हिशेब सत्राच्या पहिल्या दिवसापासून करता येतो. आपल्याकडेही परीक्षायोजना अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत छापलेली असते, परंतु अंतर्गत गुण अनेकदा थेट अंतिम गुणपत्रिकेतच दिसतात, आणि तेव्हा ते कळून काही उपयोग राहिलेला नसतो. सत्रांत परीक्षेच्या निदान पंधरा दिवस आधी चाचणी, प्रकल्प, सादरीकरण अशा फोडीसह अंतर्गत गुण फलकावर लावणे, बेरीज चुकली असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची मुदत देणे आणि त्या फलकावरच स्वतंत्र ‘पासिंग हेड’ची, पूर्णांकात बदलण्याची व श्रेणीच्या सीमांची नोंद करणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयाला फारसा खर्च न करता जमण्यासारखे आहे. काही विभाग हे आजही नेमाने करतात, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना लेखी पेपराला बसताना ७५ पैकी नेमके किती हवेत हे माहीत असते.